पाचव्या दिवसाचा रकाना

शुक्रवारी दुपारी, मुहर्रकमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
टेबलावरून आमटीचं पातेलं उचललं
आणि तिथे श्रीलंका पसरली.
नकाशाची एक कड सारखी वळत होती,
तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवली, जाफन्याच्या जरा वर, समुद्रात.

विमानतळ इतका जवळ
की दर थोड्या वेळाने कुणीतरी आमच्या गच्चीवरून
कुठेतरी जातं.
तावदानं थरथरतात, बोलणं अर्ध्यावर थांबतं,
मग त्याच शब्दापासून पुढे.
उन्मेष म्हणाला, "शाळा सुटायच्या आधी गेलो तर तिकिटं...

...निम्म्यात पडतात."

त्याचा रकाना इतिहासाचा:
रानाने गिळलेल्या राजधान्या, दगडात निजलेला बुद्ध,
राजाने बांधलेला तलाव, ज्याला लोक समुद्र म्हणतात.
इराचा रकाना प्राण्यांचा.
ती इथेच जन्मली. उंटाचं तिला काही वाटत नाही,
मला लहानपणी म्हशीचं वाटायचं नाही तसं.
तिने लिहिलंय:
बिबट्या १, हत्ती खूप, मगर (लांबून).
माझा रकाना उरलेल्या सगळ्याचा.
व्हिसा, डासांचं मलम, दीनार गुणिले काहीतरी,
आणि कंपनी रजा देईल का,
ज्याला एक्सेलमध्ये सूत्र नाही.

पाचवा दिवस: जीप. पहाटे साडेपाच. हत्तींची हमी.
शेवटचे दोन शब्द जाहिरातीतले.

रविवारी नकाशा दप्तरात घालून इरा स्कूलबसमध्ये चढली.
बसमध्ये कुसुमावती असते, पिवळ्या जाकिटात.
हजेरी घेते, पट्टे लावते, रडणाऱ्याला खिडकी देते.
चार वर्षं तिने माझ्या मुलीचा हात धरून रस्ता ओलांडलाय
आणि मी 'गुड मॉर्निंग'च्या पलीकडे गेले नाही.

दुपारी नकाशा परत आला.
पोलोन्नरुवाच्या वर, जिथे छापील काहीच नाही,
बॉलपेनचं एक टिंब,
शेजारी गोल गोल अक्षरं, रिळावरून दोरा सुटावा तशी.

इरा बूटही न काढता सांगत होती:
"आई, तिच्या घरी हत्ती येतात. रात्री. तिकीट नाही लागत.
भाताचा वास आला की भिंत ढकलतात.
एकदा पोत्यांच्या खोलीची पाडली. केळी पण गेल्या सगळ्या.
मग तिचा नवरा झाडावर झोपायला लागला, फटाके घेऊन,
आणि ती इथे आली."
जरा थांबून:
"मी विचारलं, तुला हत्ती आवडतात का?
म्हणाली, देवळातला आवडतो."

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरले, पायात घरातल्याच सपाता.
काय विचारायचं ते जिन्यात ठरवलं होतं,
बसचं दार उघडलं तेव्हा आठवेना.
म्हटलं, तिकडे काही द्यायचं असेल तर... साबण, दूध पावडर, मुलांना काही...
तिने मान हलवली. पार्सल कार्गोने जातं, म्हणाली,
इथल्या सगळ्यांच्या त्या तुटक, कामापुरत्या हिंदीत.
मग ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि ती भराभर बोलली:
भिंतीचे पैसे तीनदा पाठवले.
फोटो येतो. फोटोत नवरा असतो,
बरोबर भिंतीसमोर उभा, दोन्ही हात पसरून.
"मॅडम, तुम बस एक बार उसके पीछे देखना."

रात्री उन्मेषने जीपवाल्याला मेल लिहायला घेतला,
आगाऊ रक्कम परत मिळेल का,
आणि त्याच वाक्यावर बराच वेळ बसून राहिला.
वरून कुणीतरी कोलंबोला गेलं, किंवा कोचीला,
खालून कळत नाही.

सकाळी चहाचा कप ठेवताना पाहिलं,
पाचव्या दिवसाच्या रकान्यात इराने
'हत्ती खूप' तसंच ठेवलंय.
त्याखाली पेन्सिलीने:
भिंत १ (जवळून).