पाच फूट दोन इंच

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मध्येच विचारणार नाही:
गाडी सहा फूट चार इंच रुंद आहे.
गल्ली, मटिल्डा आंटीच्या लोखंडी जिन्यापाशी, पाच फूट दोन.
टेप मीच धरली होती. दोनदा.

कलिना गावठाण. छप्पन सालची फार्गो पिकअप.
पप्पांनी फणसाखाली उभी केली तेव्हा
आंटीचं घर बैठं होतं.
मग तिचे मुलगे मोठे झाले, मजले चढले,
जिन्याला आत जागा उरली नाही.
कुणी काही मुद्दाम केलं नाही.

बँकेतून रिटायर झाले त्याच महिन्यात बॉनेट उघडलं.
आत मांजरीचं बाळंतपण झालेलं,
एअर फिल्टरात मुंग्यांचा संसार,
आणि सहाही पिस्टन असे धरून बसलेले
जशी आमच्याकडची माणसं वाटणीच्या दिवशी.
प्लगच्या भोकांतून रॉकेल ओतलं, गिअर ऑइल ओतलं,
नऊ दिवस थांबले. नोव्हेनाच म्हणा.
दहाव्या दिवशी पान्याला लांब पाइप लावला, लोंबकळले,
आणि क्रँक हलला. अर्धा इंच असेल.
मी एकटीच ओरडले. फणसावरचे कावळे उडाले.

कार्बोरेटर भाताच्या टोपात उकळला.
तो टोप आता त्याचाच.
कॉर्कच्या शीटवर झाकण ठेवून पेन्सिलनं गिरवलं,
भरतकामाच्या कात्रीनं गॅस्केट कापलं.
व्हील सिलिंडरच्या रबरांसाठी कुर्ल्याला सात खेपा.
"मॅडम," इद्रिस म्हणाला, "ह्या मापाचं आता माणूसही मिळत नाही."
आठव्या खेपेला वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार नग
गल्ल्याच्या मागून काढून ठेवले.
पैसे मोजून घेतले, एक रुपया सोडला नाही.

रंग खरवडण्यात अख्खा उन्हाळा गेला.
वर राखाडी. त्याखाली हिरवा. त्याखाली पिवळा,
आणि पिवळ्यावर, डाव्या दाराच्या पत्र्यावर,
'रेरा सोडा वॉटर, कलि'
पुढचं 'प' गंजानं खाल्लेलं, मागचं 'ना' कुठल्याशा भिंतीनं.
पॉलिशपेपर तिथंच थांबवला.
बाकी गाडी रंगवीन. ते दार नाही.

हौद्याच्या फळ्या उचलल्या तर खाली गोटीची एक बाटली,
न फुटलेली, चाळीस वर्षं आडवी पडलेली.
हलवली. गोटी वाजली.
लहानपणी मी विचारायचे,
एवढ्याशा मानेतून ही आत गेली कशी?
पप्पा क्रेट उचलता उचलता म्हणायचे,
"गोटी आधी टाकतात, बाय.
मान मागाहून आवळतात."

काल संध्याकाळी सुरू झाली.
चोक ओढला, पायानं स्टार्टर दाबला,
खोकली, शिंकली, एकदा चक्क मागून फटाका उडवला,
आणि मग सहाच्या सहा एका लयीत,
दुपारी पप्पा घोरायचे तशी.
खिडक्यांत माणसं आली.
वरून कुणीतरी धुराबद्दल शिवी दिली. बरोबरच होतं.

आंटी उतरली, एकेका पायरीला कठडा धरत,
ब्याऐंशीची, अंगात घरातला गाऊन, हातात मात्र पर्स.
रेरा सोडाचं दार उघडून माझ्या शेजारी बसली.
"माझ्या लग्नाचा सोडा ह्याच गाडीतून आला," म्हणाली.
"चार क्रेटचे पैसे द्यायचे राहिलेत."
पर्स काही उघडली नाही.
समोर बघत राहिली, तिच्याच जिन्याकडे.
"चल."

क्लच सोडला.
तीन फूट पुढे. जिना काचेला टेकायला आला.
मग रिव्हर्स (अजून करकरतो, बघायला हवा),
तीन फूट मागे, फणसाच्या बुंध्यापर्यंत.

"परत," आंटी म्हणाली.