एकतीस हात

सूरच्या खाऱ्या पाण्याच्या प्लँटवर, रात्रपाळीत,
घानिमने क्लोरीनचा हिशेब उलटा मांडला.
दर लिटरला दोन मिलिग्रॅम,
तासाला दीड हजार घनमीटर पाणी,
तर दिवसाला किती किलो?
त्याच्या कागदावर खाली लिटर दोनदा,
वर घनमीटर दोनदा.
"लिटरचा वर्ग," मी म्हटलं,
"कुठल्या पेल्यात ओतायचा, बाबा?"

ओशाळला. मग अपूर्णांक पालथा केला:
हजार लिटर वर, एक घनमीटर खाली.
वरचा लिटर, खालचा लिटर, दोघांवर तिरपी रेघ.
घनमीटर गेला. तास गेला.
मिलिग्रॅम सगळ्यात शेवटी, कुरकुरत.
उरले बहात्तर किलो, दिवसाला.

"गेले ते कुठे गेले?"
कुठेच नाही, रे.
हजार लिटर भागिले एक घनमीटर म्हणजे एकच.
एकाने गुणून पाणी वाढत नाही, आटत नाही,
फक्त दुसऱ्या नावाला ओ देतं.
मी नाही का, दाभोळात बाळा
आणि इथे गेटपासवर पावसकर.

पहाटे चहा ओतताना तो म्हणाला,
आजोबा जहाजं बांधायचे. टेप कधी धरलीच नाही.
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत: एक हात.
शेवटच्या जहाजाचा कणा एकतीस हात.
याचे मीटर कसे करू?
हात तर
पुरला आम्ही, सहा वर्षं झाली.

मी पेन्सिल खाली ठेवली.
मग पुन्हा उचलली.
जहाज आहे ना अजून?

शुक्रवारी नमाजानंतर
खाडीच्या चिखलात आम्ही दोघं, टेपची दोन टोकं.
चौदा मीटर अठ्ठ्याऐंशी.
मीटरचे सेंटिमीटर. मीटर कटला.
वर कणा, खाली कणा. कणाही कटला,
अख्खं सागवानी जहाज एका रेघेत.
एकतीसने भागलं.

अठ्ठेचाळीस सेंटिमीटर,
दर हाताला.

घानिम बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला.
मग बाही वर सारली,
टेपवर कोपर टेकवलं,
बोटं ताणली, आणखी ताणली.

साडेसेहेचाळीस.