डावं पान

वही सहा बेटांत फिरते.
मेणकापडात गुंडाळून माझ्या होडीत ठेवतात ती,
डिझेलच्या डब्यापासून लांब,
कारण एकदा एलेउतेरिओचं सगळं म्हणणं
डिझेल प्यायलं होतं
आणि त्याला वाटलं, मी मुद्दाम केलं.

बटाट्यांची वही आहे.
जांभळे, काळे, बोटांसारखे वाकडे,
ज्यांची नावं आता फक्त इथेच उरलीत
ते कुणी लावले, किती लावले,
कुणाच्या वाफ्यावर करपा आला,
एवढंच लिहायचं होतं तिच्यात.

पण माणसं आहेत.
दोमितिलाने लिहिलं:
बियाणं अलाओहून आलं, करपाही तिथूनच.
एवढी एक ओळ.
अलाओच्या एलेउतेरिओने तिला सात पानं उत्तर दिलं,
लाल शाईत, जागोजागी खाली रेघा ओढून.
तिच्या नवऱ्याची जुनी उधारी त्यात आली,
चर्चच्या छपराचं प्रकरण आलं.
केनाकच्या मास्तरीणबाईंनी दोघांचं व्याकरण सुधारलं.
शब्दाने शब्द वाढला,
बटाटा राहिला बाजूला.
तीन आठवडे वही जड होत गेली,
मग काग्वाचहून ती आलीच नाही.

मी वाचतो. लपवत नाही.
भरतीची वाट बघताना होडीत दुसरं काय करायचं?
समोरासमोर असला की माणूस
ऐकणाऱ्याच्या कपाळाकडे बघतो
आणि अर्धं वाक्य गिळतो.
कागदाला कपाळ नसतं.

वही सोडवायला मीच गेलो.
ओस्वाल्दिनाच्या चुलीमागे होती, पिठाच्या पोत्याखाली.
म्हणाली, हे पुढच्याच्या हातात देववेना मला.
तिने मला राखेतला बटाटा दिला,
फुंकर घालून सोलेपर्यंत गप्प बसली.
मग नवीन पान उघडलं,
उजवीकडे आपल्या वाफ्याचं लिहिलं चार ओळी,
डावं पान कोरं सोडलं.
कोरं का?
हे माझं नाही, म्हणाली,
ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याचं.
जेवढी जागा तेवढंच बोलणं.
आणि हे बघ,
एलेउतेरिओकडे ओहोटीला दे, भरतीला घे.
त्याने लगेच परत दिली तर इंजिन बिघडलंय म्हणून सांग.

इंजिन बिघडलंय म्हणालो.
तो धक्क्यावर येरझाऱ्या घालत राहिला.
दोनदा वही मागून घेतली,
दोनदा खोडलं.
भरतीला डाव्या पानावर एवढंच उरलं होतं:
करपा इकडेही आहे.
लपवला नव्हता, ओळखला नव्हता.
त्याखालची एक ओळ इतकी गिरवून खोडलेली
की उन्हात धरूनही लागली नाही मला.

आपिआओवर फिदेलिया राहते.
चार वर्षांत तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं,
पानाच्या कोपऱ्यात टिंब द्यायची, वाचलं म्हणून.
ती कशाला हवी वहीत, असं मास्तरीणबाई एकदा म्हणाल्या होत्या.
त्या खेपेला डाव्या पानात
दाबून वाळवलेलं बटाट्याचं पान सापडलं,
कडेला करपलेलं,
आणि खाली, अक्षरं एकमेकांपासून लांब लांब:
माझ्याकडे पण.
राख टाकली, उपयोग नाही.
वरच्या टेकाडावर, वाऱ्यात लावले होते
ते वाचले.

त्या वर्षी सहाही बेटांवर
लोक टेकाडं खणताना दिसले.
सगळे नाही. एलेउतेरिओ खालीच लावतो अजून.

मास्तरीणबाई अजून चुका काढतात,
पण शिसपेन्सिलीने, पुसट.
दोमितिलाने एलेउतेरिओला उत्तर दिलेलं नाही.
तिच्या वाट्याचं पान कोरं आहे,
आणि दर खेपेला मी ते
त्याच मेणकापडात, तितक्याच जपून नेतो.

आज दक्षिणेचा वारा. केनाकला अडकलोय.
गुडघ्यावर वही उघडी.
कुणीतरी बटाटा कागदावर ठेवून
भोवती पेन्सिल फिरवलीय: हा एवढा झाला.
समोरचं पान मोकळं.
मी खिशातलं पेन काढलं,
टोपण दातात धरलं.
काय लिहिणार होतो कुणास ठाऊक,
होडी खालून हलली,
पाणी आलं होतं.