ओल वजा जाता

एका बादलीत वीस लिटर.
नायजरच्या तळाची वाळू पाण्याबाहेर येते
तेव्हा बादलीमागे अडतीस किलो.
हे मी स्वतः तोलून पाहिलंय,
मासळीवाल्या कोम्बाचा काटा उसना आणून,
बारेमा नावेच्या कडेला लटकून
दम खात होता तेव्हा.

साडेतीनशे बादल्यांची एक नाव.
दोनशे बुड्या त्याच्या, दीडशे चुलतभावाच्या.
वहीत मात्र बुडीचा रकाना नाही.
वहीत असं: घनमीटर सात,
वजन तेरा हजार तीनशे,
दर किलोला पाच फ्रँक.

आई फ्रँक मोजत नाही.
बामाकोच्या बाजारात पाच फ्रँकांचा एक दोरोमे,
तिची सगळी गणितं दोरोम्यांत.
म्हणून हा दर तिला आवडतो,
जितके किलो तितके दोरोमे,
शाळा लागत नाही.

मग दाबोसाहेब येतात.
मूठभर वाळू घेतात, आवळतात, मूठ उघडतात.
ढेकूळ तसंच राहतं, बोटांच्या खुणांसकट.
'आठ टक्के ओल,' म्हणतात.

गेल्या साली मापाने घ्यायचे,
तेव्हा म्हणायचे, ओली वाळू फुगते,
फुगवटा कापला पाहिजे.
यंदा वजनाने घेतात,
तर पाणी जड.
पाणी नेहमी त्यांच्याच बाजूने साक्ष देतं.

सिमेंटच्या पोत्यावर पन्नास छापलेलं असतं.
ते पन्नासच.
खडी ट्रकात चढते, वाटेत सांडते, ती पूर्ण.
सळ्या गंजतात, तरी वजा काही नाही.
वाळूलाच तेवढं
कोरडं होऊन दाखवावं लागतं.

तेरा हजार तीनशेचे आठ टक्के
एक हजार चौसष्ट.
भागिले अडतीस.
मला वाटलं, काहीतरी उरेल, अपूर्णांक येईल,
तर चोख अठ्ठावीस.
चार साती अठ्ठावीस.
दोनदा करून पाहिलं.

अठ्ठावीस वेळा तो खाली गेला
आणि नुसतं नदीचं पाणी नदीबाहेर काढून आला.

मी दाबोसाहेबांना विचारलं,
वजा केलेलं पाणी परत द्याल का?
ते हसले. चांगला माणूस आहे,
सणाला साखर पाठवतो.
'सिरांतू, तू शहरात नोकरी धर,' म्हणाले,
आणि सही केली.

संध्याकाळी आई म्हणाली, किती?
मी आकडा सांगितला, ओल वजा जाता.
ती थोडा वेळ बोटांवर बोटं ठेवत राहिली.
कुठे चुकली असं तिला वाटलं असणार,
कारण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

बारेमा कुशीवर झोपला होता.
त्याच्या कानातून चटईवर
जराशी वाळू आली होती.
चिमटीत धरून पाहिली.
सुटी, सळसळीत,
मूठ आवळली तरी ढेकूळ होईना.

कोम्बाचा काटा परत करायचा राहिलाच होता.
ठेवून पाहिली.
काटा हलला नाही.