उरलेली दोन मिनिटं

रुवीतल्या खोलीत परकारचाचा
बिस्किटांचा डबा पुढे सरकवतात.
"जपण्यासारखं काय असणार, पोरी?
जन्मभर वायरी ओढल्या. त्या गेल्या लोकांच्या भिंतीत."

मुदत संपलेला बताका, ड्राफ्टच्या पावत्या,
आणि कॅसेट. एकच.
खेडला कुणी निघालं की हे तिच्यात बोलून द्यायचे.
झुलेखाचाची ऐकायची, त्यावरच उत्तर भरायची.
परत आली की पुन्हा त्यावरच हे.
अकरा वर्षं.
नवी म्हणजे अर्धा रियाल,
अर्धा रियाल म्हणजे डझनभर कौलं.

मी लावते.
विहिरीचा पंप. शमीमचा पहिला दात पडला.
अम्मीला ऐकू येईनासं झालंय.
"बरं, संपवते."
खट्.

आणि खालून,
तिच्या पुसण्यातून सुटलेला
कुणी पंचविशीतला:
"...आज सुरमई स्वस्त होती. रात्री गच्चीवर झोपतो.
वारा इथलाही खारटच, पण..."

पट्टी संपते.

"हा कोण?" चाचा विचारतात,
आणि चष्मा पुसत बसतात.

वहीत लिहायचं राहू देते.
आधी कॅसेटच्या पाठचे
दोन्ही प्लॅस्टिकचे दात मोडून टाकते.
आता लाल बटण
कुणाच्याही बोटानं दबणार नाही.