माया

घोरपडीच्या रेल्वे फाटकाशी माझं दुकान.
फाटक पडलं की माणसं आत डोकावतात,
एखादं बटण लावून घेतात,
गाडी गेली की जातात.
तोही तसाच आला, स्कूटर बाहेर चालूच ठेवून.
पराग केंजळे. छाती अडतीस, कंबर तीस,
बाही पंचवीस, डावा खांदा किंचित उतरता.
लहानपणी चिंचेवरून पडलो, म्हणाला,
पण सैन्यात कुणाला बोलू नका.

बहिणीच्या लग्नासाठी कोट हवा होता, राखाडी.
"अजून जाड होईन मी. आत माया ठेवा."
शिवणीच्या आत जे कापड राखून ठेवतात
त्याला आम्ही माया म्हणतो.
दीड इंच ठेवली. एवढी कुणाला ठेवत नाही.

नव्याण्णव साल. ट्रायल जूनमध्ये ठरली होती.
जूनमध्येच, इस्त्रीखाली अंथरलेल्या पेपरात
तो दिसला. चौकोनात, टोपीसकट.
मी इस्त्री उचलली.
तेवढंच सुचलं.

वडील आले ऑगस्टात.
काळ्या ट्रंकेतून पाकीट आलं होतं,
पाकिटात माझी पावती.
"एकशे ऐंशी बाकी दिसतात."
पोस्टातली नोकरी, हिशेबाचा माणूस.
मी नको नको म्हणालो, त्यांनी मोजून ठेवले.
कच्च्या टाक्यांचाच कोट अंगात घातला,
आरशाकडे पाठ.
बाह्या बोटांपर्यंत.
"माझ्या मापाचा होईल?"

कात्री घेतली. मग ठेवली.
बाह्या आत दुमडल्या, कुशी आत घेतल्या,
कुठेही कापलं नाही.
कोट जड झाला. ते म्हणाले, असू दे.

लग्न पुढल्या वर्षी झालं, बँडशिवाय.

दर जूनला स्मारकाकडे जाताना
फाटकात अडकायचे, तोच कोट,
कपाळावर घाम.
गाडी जाईपर्यंत आम्ही बोलायचो
पाण्याच्या टँकरबद्दल, पेन्शनच्या रांगेबद्दल.
त्याच्याबद्दल कधीच नाही.
एकदाच म्हणाले,
"कोटासाठी जून फार चुकीचा महिना."

परवा एक मुलगा आला, कानात वायर.
"आजोबांचा कोट. आई म्हणाली तुम्हालाच दाखव."
उसवायला बसलो.
बाहेरचं कापड उन्हानं विटलेलं,
आत दुमडलेलं मात्र
ठाणातून आत्ता फाडल्यासारखं,
आणि त्यावर पहिल्या टाक्यांची
बारीक भोकं, रांगेत.
चष्मा पुसून मोजली बाही.
पंचवीस.

मुलाचं वय विचारलं. चोवीस.
म्हणजे मामापेक्षा एका वर्षानं मोठा.
मापवहीत वयाचा रकाना नसतो,
म्हणून हे मी कुठे लिहिलं नाही.

त्याला सव्वीस लागते.
"पुरेल," म्हणालो, "आत आहे अजून."
कोट त्याच्या अंगावर चढवला,
खडू घेतला आणि सवयीनं
डाव्या खांद्यावर रेघ जरा खाली ओढली.

खांदा सरळ होता.

फाटक उघडलं, हॉर्न सुरू झाले.
मी अंगठ्यानं रेघ पुसत राहिलो.