कान

लक्ष्मीपुरीत फ्लेक्सचं मशीन आलं
त्या साली मी शेवटचा बोर्ड रंगवला.
'आदिनाथ स्टील सेंटर'.
त्यातलं 'स्टी' अजून भिंतीवर आहे,
पिचकाऱ्यांच्या वर.
बाकी ब्रश रॉकेलच्या डब्यात उभे,
अठरा वर्षं.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी माझ्यासमोर
एक पांढरी पट्टी, शेवेच्या साच्यागत भोकांची.
खालच्या मजल्यावरची निलोफर म्हणते,
काका, याला ब्रेडबोर्ड म्हणतात.
बोर्ड म्हटल्यावर झालं की,
मी म्हणालो, आपलंच काम.

पहिला दिवा मी जाळला.
लांब पाय प्लस, आखूड मायनस,
एवढं बरोबर केलं
आणि थेट बॅटरीला टेकवला.
एकदाच लखलखला. मग वास.
निलोफर हसली नाही.
जोंधळ्याएवढा एक दाणा तळहातावर ठेवला,
हा मधे लागतो. वाचा.

वाचा?
चष्मा कपाळावर सारून डोळ्याला भिडवला.
लाल, लाल, तपकिरी.
दोनशेवीस, ती म्हणाली.
चाळीस वर्षं रंग कालवले,
कोण बोललं नव्हतं मला
की लाल म्हणजे दोन.
आणि हा टोकाचा सोनेरी?
सोनेरी म्हणजे पाच टक्के इकडंतिकडं चालतंय.
बघा आता.
मी तो देवळांच्या बोर्डांसाठी राखून ठेवायचो.

मग लिहायचं आलं.
इंग्रजी माझं दुकानांपुरतं,
प्रोप्रायटर, अँड सन्स, अवर नो अदर ब्रँच.
इथं ओळ संपली की अर्धविराम,
एक विसरला की खालची पट्टी रागानं लाल.
पोरं वैतागतात म्हणे या ठिकाणी.
मला ओळखीचं वाटलं.
एका डॉक्टरच्या 'चिंतामणी'वरचं टिंब
मी एकदा खाल्लं होतं.
'चितामणी क्लिनिक'.
त्यानं शिडीवरून उतरू दिलं नाही.

दिवा लागायला लागला, विझायला लागला.
एक सेकंद, एक सेकंद.
बायको म्हणाली, हे बसस्टँडवर पण आहे.
खरं होतं.

म्हणून म्हैस.
तेलाचा डबा कापून, ठोकून,
काळा दोन हात, शिंगांना ऑइलपेंट,
गळ्यात कवड्या रंगवल्या, एकेक, सावलीसकट.
दोन गोल भोकांचा सेन्सर नाकपुड्यांत बसवला.
कुणी हातभर जवळ आलं
की कान हलणार.
एवढंच. एक कान. डावा.

कान पत्र्याचा केला तर मोटर रडली,
आतले प्लॅस्टिकचे दात कडकड मोडले,
एकशे तीस रुपये.
पुठ्ठ्याचा केला तर पुठ्ठ्यासारखा दिसला.
शेवटी सुभाषनगरात मारुती सातपुतेकडं गेलो.
चपलेच्या वेणीचं पातळ चामडं त्यानं कापून दिलं,
कडा मुडपली,
कुणाच्या पायाचं माप, विचारलं.
म्हशीच्या कानाचं, म्हटल्यावर
त्यानं पैसेच घेतले नाहीत.

गंगावेशीत पहाटे नेऊन ठेवली,
दूधकट्ट्याच्या पायरीवर.
धारेचा आवाज, ग्लास हातात घेऊन उभे पैलवान.
एकजण वाकला. कान हलला.
आयला, म्हणाला, आणि फेस ओठावरच राहिला.
दुसरा म्हणाला, पेंटर, याचा उपयोग काय?
काय नाही, म्हणालो.
मग त्यानं पण वाकून बघितलं,
तीनदा.

पण माझं लक्ष खऱ्या म्हशीकडं होतं.
ती माझ्या म्हशीकडं बघतसुद्धा नव्हती.
माशी बसली,
तिचा कान दोनदा झटकला, चट्‌ चट्‌,
मग लांब काही नाही,
मग अर्धाच, आळसानं,
जणू माशी आठवली नुसती.

माझी एका चालीनं हलवत होती,
सलाम ठोकल्यासारखा.

घरी येऊन लाईट लावली.
पाचशेच्या जागी एकशेवीस.
परत एकशेवीस.
मग दोन हजार सातशे.
अर्ध्या कानाचं कसं लिहायचं
ते निलोफर कॉलेजातनं आली की विचारायचं.
अर्धविराम बघितला. आहे.